ड्रॅगनचं पोट आधी, पंख नंतर : कोल्हापूरच्या मुलखात ड्रॅगनची जात, समाज आणि रीती कशा घडवायच्या

मराठीत फँटसी लिहिताना ड्रॅगन आणायचा म्हटलं की आधी रंग ठरतो, मग नाव ठरतं, मग तो आग ओकतो. तो काय खातो, अंडी कुठे घालतो, आषाढात काय करतो, हे प्रश्न राहूनच जातात. मग त्याच्या जातीतल्या चालीरीती लिहायला बसलं की काही सुचत नाही आणि माणसांचेच सण त्याच्या गळ्यात बांधले जातात. वाचकाला ते लगेच कळतं. प्राण्याची रीत त्याच्या शरीराच्या गरजेतून आणि जागेच्या अडचणीतून उगवली पाहिजे. कोल्हापूर जिल्हा यासाठी फार सोयीचा आहे. पश्चिमेला घाटमाथा, पूर्वेला कोरडा माळ, मध्ये ऊस आणि नद्या, सगळं नव्वदेक किलोमीटरच्या पट्ट्यात सापडतं.

खाली कामाचा क्रम दिला आहे. तो बदलू नये, कारण प्रत्येक पायरीचा आकडा पुढच्या पायरीत लागतो.

वजन आणि पंख

पहिला आकडा वजनाचा. प्राण्याची लांबी दुप्पट केली की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट होतं. म्हणून गरुड मोठा करत नेला की ड्रॅगन होत नाही, जमिनीवरून न उठणारा गरुड होतो. उडणाऱ्या प्राण्याला पंखाच्या एका चौरस मीटरमागे साधारण २५ किलोपेक्षा जास्त ओझं झेपत नाही, हे गणित धरून चला. दोन टनांचा ड्रॅगन हवा असेल तर ८० चौरस मीटर पंख लागतील आणि ते हलवायला लागणाऱ्या स्नायूंचं वजन आणखी वेगळं.

निसर्गात उडालेला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे क्वेट्झालकोॲटलस हा टेरोसॉर, डायनासोरांच्या काळातला उडणारा सरपटणारा प्राणी. पंखांचा पसारा १० ते ११ मीटर, वजनाचा अंदाज २०० ते २५० किलो. आपला ड्रॅगन याच मापात बसवा : वजन २०० किलो, पसारा १० मीटर, पंखाचं क्षेत्रफळ १० चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला २० किलो ओझं पडतं आणि वर ५० किलोपर्यंत उचलायची ताकद शिल्लक राहते. हे ५० किलो लक्षात ठेवा, पुढे सगळा समाज त्यावर उभा राहणार आहे. मोठं माणूस त्याच्या पाठीवर बसणार नाही, हेही इथेच ठरून गेलं. स्वार हवाच असेल तर तो बारा-तेरा वर्षांचा पोर असेल, आणि तेही थोड्या अंतरापुरतं.

उड्डाणाची जागाही ठरवावी लागते. सपाट माळावरून २०० किलो वजन उचलणं अवघड, कड्यावरून झेपावणं सोपं. नैऋत्येचा वारा घाटाच्या भिंतीवर आदळून वर चढतो, तिथे पंख न हलवता तरंगता येतं. गगनबावडा, रांगणा, आंबा घाट ही वस्तीची ठिकाणं त्यामुळे आपोआप निघतात. पन्हाळाही चालेल. आजूबाजूच्या मुलखापेक्षा तो चारशे मीटरच्या वर उठलेला आहे, आणि नागांचं घर म्हणून त्याची ख्याती जुनीच आहे.

रक्त उष्ण की थंड

इथे बहुतेक जण घाई करतात. उष्ण रक्ताच्या २०० किलोच्या प्राण्याला नुसतं जिवंत राहायला दिवसाला सुमारे ३,७०० किलोकॅलरी लागतात. हिंडणं, उडणं, शिकार धरून तिप्पट करा : ११,००० च्या आसपास. मांसाच्या हिशेबात रोज सात-साडेसात किलो. तोच प्राणी सरपटणाऱ्यांसारखा थंड रक्ताचा असेल तर साधारण दहावा हिस्सा, म्हणजे पाऊण किलो पुरतं.

पाऊण किलो बघून थंड रक्त निवडावंसं वाटतं, पण मग पावसाळा अंगावर येतो. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर ऊन नाही, धुकं जमिनीला टेकलेलं. ऊन खाऊन तापणारा प्राणी तिथे चार महिने उडू शकणार नाही. शिरोळच्या बाजूला मात्र पाऊस याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका.

मधला मार्ग सगळ्यात चांगला. विश्रांतीत शरीर गार, पण उडायच्या स्नायूंना स्वतःची ऊब. असा ड्रॅगन सकाळी काळ्या कातळावर तासभर ऊन खाईल, दिवसभर उडेल, रात्री गार पडेल. पावसाळ्यात त्याला दोनच पर्याय उरतात : पूर्वेला सरकणं किंवा एका जागी उपाशी पडून राहणं. नर पूर्वेला जातील, कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या बाजूला. माद्या घाटातच थांबतील. का, ते अंड्यांच्या भागात येईल. चातुर्मास ड्रॅगनांनाही पाळावा लागतो आणि त्याचं कारण त्यांच्या अंगातच आहे.

किती ड्रॅगन मावतील

मांसाहारी प्राण्यांबाबत एक ढोबळ प्रमाण वापरतात : दहा हजार किलो भक्ष्य असेल तिथे सुमारे ९० किलो शिकारी जगतो. २०० किलोच्या ड्रॅगनमागे सव्वाबावीस हजार किलो गवे, सांबरं, भेकरं, डुकरं हवीत. जंगलात चौरस किलोमीटरला एक हजार किलो भक्ष्य आहे असं आपल्या कथेपुरतं गृहीत धरा, म्हणजे एका ड्रॅगनला २२ चौरस किलोमीटर लागतात.

राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं, त्यात सोळा मावतील. सोळांवर जात टिकत नाही, चार पिढ्यांत सगळे एकमेकांचे भाऊबंद होतात. निदान पन्नास तरी वयात आलेले लागतात. उत्तरेला चांदोली-कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प ११६५ चौरस किलोमीटरचा आहे. तो जोडला की आकडा सत्तरीच्या जवळ जातो आणि पिल्लं वगळूनही पन्नास जमतात. म्हणून एक रीत सक्तीची होते : नराने जन्मलेल्या डोंगरात जोडीदार शोधायचा नाही, उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचं. हा नियम देवाने सांगितला असं ड्रॅगन म्हणतील. लेखकाला मात्र त्यामागचा आकडा माहीत असला पाहिजे.

आग

पोटात गोबरगॅस साठतो आणि तो पेटतो, ही कल्पना सगळ्यांना आवडते. ती घ्यायची तर तीन गोष्टी तपासा.

मिथेन चाऱ्यातून तयार होतो. गाय दिवसाला २५० ते ५०० लिटर सोडते ती तिच्या पोटातल्या जंतूंमुळे आणि वैरणीमुळे. निव्वळ मांस खाणाऱ्याला एवढा वायू मिळणार नाही. दुसरं, २०० लिटर मिथेन जळून जेवढी उष्णता देतो तेवढी अर्धा किलो वाळक्या लाकडातून मिळते. गाव त्याने जळत नाही, एखादी गंजी पेटेल. तिसरं धोक्याचं. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला तरच पेटतो, म्हणून भरलेली पिशवी सुरक्षित असते. पिशवी रिकामी होत आली आणि आत हवा शिरली की ज्वाळा उलटी आत जाते. घशात एकाच दिशेने उघडणारी झडप दिली नाही, तर ड्रॅगन दुसऱ्या-तिसऱ्या फुंकरीलाच मरेल. वायूमुळे अंग हलकं होतं हेही खरं नाही : २०० लिटर मिथेन जेमतेम शंभर ग्रॅम उचलतो.

बॉम्बार्डियर भुंग्याची पद्धत जास्त पटते. त्याच्या पोटाच्या टोकाशी हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवलेले असतात. ते पुढच्या जाड भिंतीच्या कप्प्यात आले की तिथली विकरं (एन्झाइम) त्यांची झटापट लावतात आणि उकळत्या पाण्याइतका गरम, झोंबणारा फवारा बाहेर पडतो. तो सलग नसतो, सेकंदाला शेकडो झटक्यांनी येतो. त्यामुळे कप्पा स्वतः भाजत नाही. हीच रचना ड्रॅगनच्या जबड्यामागे द्या. साठा संपला की भरायला आठ-दहा दिवस लागतात असं ठरवा. मग आग हे जपून वापरायचं धन होतं. भुकेल्या महिन्यांत ती भरायलाही अन्न लागतं, म्हणून पावसाळ्यात ड्रॅगन आग काढत नाहीत, आणि जातीतल्या जातीत आग वापरणाऱ्याला वाळीत टाकतात.

अंडी आणि पाचटाचा ढीग

या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या. ड्रॅगनचा समाज इथे घडतो.

दोन खऱ्या गोष्टींपासून सुरुवात करू. नागराज साप (किंग कोब्रा) पालापाचोळा ओढून घरटं करतो, आणि कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंड्यांना मिळते. मगरीच्या पिल्लाचं लिंग अंडं किती तापलं त्यावर ठरतं : आपल्या गोड्या पाण्यातल्या मगरीत २८ ते ३१ अंशांवर माद्या निपजतात, ३२.५ च्या सुमारास नर. सगळा फरक दीड अंशाचा आहे.

कोल्हापुरात कुजवायला सगळ्यात मुबलक काय, तर उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला. हेक्टरी आठ ते दहा टन निघतं आणि गाळप हंगामात ते शेतातच पडलेलं असतं, बरेचदा पेटवून दिलं जातं. ड्रॅगनचं घरटं याचंच करा.

माप असं : तळाला सहा मीटर व्यास, उंची दोन मीटर. यात सुमारे १९ घनमीटर माल बसतो, म्हणजे दोन ते अडीच टन पाचट. नुसतं पाचट नीट कुजत नाही, त्यात कर्ब फार आणि नत्र कमी. गव्याचं शेण किंवा साखर कारखान्याची प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) थराथराने घालावी लागते : वीतभर पाचट, वर दोन बोटं शेण, असं करत वरपर्यंत. ओल पन्नास-साठ टक्के. ती ओळखायची रीत कोणत्याही शेतकऱ्याला माहीत असते. मूठभर माल घट्ट पिळायचा. बोटांच्या फटीत पाणी दिसलं पाहिजे, पण धार लागता कामा नये.

ढीग रचल्यावर आठवडाभरात आतला ताप ५५ ते ६५ अंशांवर जातो. यात अंडं ठेवलं तर ते उकडून निघेल. ही धग ओसरायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून ढीग आधी आणि अंडी महिन्याने, हा क्रम मोडता येत नाही.

आता दिनदर्शिका जमवा. अंबाबाईच्या देवळात ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात : पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीवर, मग मुखावर. सूर्य दक्षिणेला जाऊन परत फिरला की तोच कोन ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला पुन्हा जुळतो. ड्रॅगनांनी पश्चिमेला तोंड असलेली एखादी गुहा धरली, तर त्यांनाही हेच दोन मुहूर्त मिळतील. पहिल्या किरणाला ढीग रचायला घ्यायचा. दहा डिसेंबरच्या सुमारास अंडी. उबवणीचा काळ १६० दिवस धरा. मगरीची अंडी दोन महिन्यांत फुटतात, कोमोडो ड्रॅगनची सात-आठ महिन्यांत, त्यामुळे हा आकडा मध्ये नीट बसतो. मगरींमध्ये लिंग ठरतं ते उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात. १६० दिवसांचा मधला तिसरा भाग सुरू होतो बरोबर १ फेब्रुवारीला, म्हणजे दुसऱ्या किरणाला, आणि संपतो मार्च अखेरीस. हे आठ आठवडे जातीतले सगळ्यात पवित्र दिवस. पिल्लं निघतात १९ मेच्या आसपास. वळीव पडून गेलेले असतात, आणि मृग लागेपर्यंत पिल्लांना बेडूक, खेकडे, पंख फुटलेली वाळवी यांची ददात नसते. या लहान पिल्लांपायीच माद्या पावसाळ्यात घाट सोडत नाहीत.

ढिगाजवळच्या रीती आता सांगायला सोप्या होतात. सरपटणाऱ्यांचं अंडं पहिल्या दिवसानंतर फिरवायचं नसतं. गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, अंडं उलटलं की तो गुदमरतो. म्हणून अंडं पडल्या पडल्या मादी नखाने त्याच्या वरच्या अंगाला हळदीचा किंवा गेरूचा टिळा लावते. पुढे कितीही वेळा ढीग उघडला तरी टिळा आभाळाकडेच राहिला पाहिजे. बारशाला पिल्लाच्या कपाळावर लागतो तो याच टिळ्याचा रंग.

काय बिघडतं तेही कथेत येऊ द्या. ढीग फार भिजला तर हवा आत जात नाही, आंबूस वास सुटतो आणि अंडी दगावतात. मुंग्या लागल्या तर ओल कमी पडली समजावं. फेब्रुवारीत रात्री गार असतात तेव्हा ताप २८ च्या खाली जातो, मग मादी ढिगाला वेटोळं घालून झोपते. मार्चच्या उन्हात उलट होतं. तिसऱ्या प्रहरी माथा उघडून वाफ काढली नाही तर ताप ३२.५ वर चढतो आणि सगळे नर निपजतात. बारा-पंधरा वर्षांनी त्या नरांना ना डोंगर पुरत, ना जोडीदार. एका मार्चमधल्या आळसाची किंवा लबाडीची फळं पुढची पिढी भोगते. एवढ्यावर एक आख्खी कादंबरी उभी राहू शकते.

समाज कोणाभोवती

ढीग एकटीने होत नाही. घाटमाथ्यावर ऊस नाही, पाचट खालच्या खोऱ्यातून आणायचं. पाचटाचा भारा मोठा आणि वाऱ्याला अडणारा, एका खेपेत चाळीसच किलो धरा. अडीच टनांना साठेक खेपा. महिनाभर अंड्यांनी जड झालेली मादी हे करू शकत नाही. तिच्या बहिणी, मुली आणि त्या वर्षी अंडी नसलेल्या माद्या भारे आणतात. या कामाची परतफेड पुढच्या वर्षी भाऱ्यांनीच करायची, हाच त्यांचा पैरा.

त्यामुळे ढिगाची जागा आईकडून मुलीकडे जाते आणि घराण्याचं नाव ढिगाच्या जागेवरून पडतं. सोन्याच्या राशीवर बसलेला ड्रॅगन इथे नको. सोनं ऊब देत नाही, अंडी उबवत नाही. साठा करायचाच तर सपाट, काळ्या, ऊन धरून ठेवणाऱ्या शिळांचा करावा, आणि कोण कोणत्या शिळेवर आधी ऊन खाणार यावरून मानपान ठरू द्यावा. सगळ्यात वडीलधारी मादी सकाळच्या पहिल्या शिळेवर बसते.

नर या व्यवस्थेत पाहुणे असतात. दसऱ्याच्या सुमारास ते पूर्वेकडून परततात आणि तेव्हा भांडणं होतात. घोरपडीचे नर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना कवटाळतात आणि खाली पाडायचा प्रयत्न करतात. चावाचावी क्वचित होते. कोल्हापुरातल्या ड्रॅगनला याहून चांगली रीत शोधून सापडणार नाही. पंखाची हाडं पोकळ असतात, मोडली की जीव गेल्यातच जमा. म्हणून लढत मऊ मातीत, तांबड्या मातीत तेल आणि ताक मुरवून केलेल्या हौद्यात. पंख मिटलेले. पंखाला धरणं बाद, शेपटीने पाय ओढणं चालतं, पाठ टेकली की कुस्ती संपली. वस्तादाच्या जागी म्हातारी मादी, कारण निकालाशी संबंध तिचाच. १९१२ साली पूर्ण झालेलं खासबाग मैदान ज्यांनी भरलेलं पाहिलं आहे, त्यांना बघ्यांची बसायची व्यवस्था वेगळी सांगायला नको.

बोली

मगरीसारख्या जबड्याला ओठ नसतात. त्यामुळे प, फ, ब, भ, म ही अक्षरं उच्चारता येणार नाहीत, व सुद्धा धडपणे येणार नाही. ड्रॅगनांची नावं यांच्याशिवाय बांधा. राधानगरी, रांगणा, गगनगड ही नावं ते सहज घेतील. पन्हाळ्याला त्यांना वेगळं नाव द्यावं लागेल. दूरचा निरोप मात्र बोलीने जात नाही. मगरी छातीतून इतका खर्ज लावतात की पाठीवरचं पाणी उडतं. दरीच्या या टोकाहून त्या टोकाला तसाच आवाज पोचवा. अंड्यातली पिल्लंही फुटण्याआधी आतून आवाज देतात आणि मगर आई ते ऐकून घरटं उकरते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात ड्रॅगन माद्या ढिगाला कान लावून बसतात, त्या दिवसांत मोठ्याने बोलायची बंदी असते.

गावाशी करार

शेवटची पायरी माणसांची. पाचट शेतकऱ्याचं आहे, म्हणून करार लागतो, आणि करारात दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालं पाहिजे.

गावाने द्यायचं : नोव्हेंबरात पाचट न पेटवता बांधावर गोळा करून ठेवायचं, शक्य तिथे ट्रॉलीने घाटाच्या पायथ्यापर्यंत पोचवायचं. मेलेलं जनावर ठरलेल्या माळावर टाकायचं. यात एक अट अगदी काटेकोर लिहा : डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई दिलेलं जनावर टाकायचं नाही. याच औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, भारतातली त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घसरली आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. ड्रॅगनलाही ते तसंच बाधतं असं ठरवा. मालकाने अशा जनावराच्या शिंगाला तांबडी चिंधी बांधायची आणि ते पुरायचं.

ड्रॅगनांनी द्यायचं : उसात घुसणारी रानडुकरं आणि गवे मागे हटवायचे, आणि दावणीच्या जनावराला हात लावायचा नाही. लावलाच तर म्हातारी मादी आणि गावातले पंच यांच्यासमोर पंचनामा, आणि भरपाई म्हणून त्या घराण्याचे डुक्कर राखणीचे दिवस वाढवायचे. महापुराचं कलमही हवं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ला खर्ज लावायचा, म्हणजे चिखली-आंबेवाडीची जनावरं अंधार पडायच्या आत वर निघतील. घाटात थांबलेल्या माद्यांना कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी आधी दिसतं, त्यामुळे हे काम त्यांच्याकडे.

आणि ढीग. पिल्लं निघाली की उरतं ते अडीच टनांतून कुजून निम्म्यावर आलेलं, काळं, भुसभुशीत खत. कवचाचे तुकडे वेचून मादी ते मोकळं करते आणि ज्याच्या शेतातलं पाचट होतं त्याने मृगाआधी ट्रॉली लावून ते न्यायचं. तळाचा वीतभर थर मात्र कोणी उचलायचा नाही. पुढच्या नोव्हेंबरात नवा ढीग त्याच्यावरच रचतात, विरजणासारखा, म्हणजे कुजायला वेळेत सुरुवात होते आणि दहा डिसेंबर चुकत नाही.